भाऊ येरवड्यात आहे, घरच्यांनी मन कसं आवरायचं?

धनकवडीची_ताई

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि शाळाप्रवेशाचे धागे वाचते, लिहिते क्वचितच.

माझा धाकटा भाऊ पावसाळ्यापासून येरवड्यात आहे. न्यायालयीन कोठडी. गुंतवणुकीच्या व्यवहारातली केस आहे, त्याचे भागीदारही आत आहेत. खरं काय ते कोर्ट ठरवेल, त्यावर मला इथे काही बोलायचं नाही.

विचारायचंय ते घरच्यांबद्दल. आई सत्तरीला आलीय, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. रोज रात्री नऊला पानं घेतली की विचारते, "तो जेवला असेल का गं?" आणि मग तिच्या घशाखाली घास उतरत नाही. वहिनी नोकरी सांभाळते, घरी आली की गप्प. पुतण्या दुसरीत आहे, त्याला "बाबा दुबईला गेलाय" असं सांगून ठेवलंय. मी रात्री अडीचला जागी होते आणि डोक्यात चक्र सुरू होतं. त्याला कोणी मारत तर नसेल? दमा उठला तर सांगेल कोणाला? पांघरूण पुरत असेल का? फोन वाजला की पोटात गोळा येतो.

ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय, त्यांनी सांगा ना. वकील आहेत, तारखा चालू आहेत. मला रात्र कशी काढायची ते हवंय.

खडकीकर

ताई, आधी एक सांगतो. तुम्ही इथे लिहिलंत हे फार बरं केलंत. आमच्या घरात मोठे बंधू आत होते तेव्हा आम्ही वर्षभर चुलत्यांनासुद्धा कळू दिलं नव्हतं, आणि त्या लपवालपवीतच निम्मा जीव जायचा.

मुलाखतीला कोण जातं तुमच्याकडून? एकच माणूस जात असेल तर बदला. आम्ही आधी ई-मुलाकातवर, म्हणजे कारागृहातल्या भेटीसाठीच्या सरकारी वेबसाइटवर, नोंदणी करायचो, मूळ आधार कार्ड बरोबर ठेवायचो, मोबाईल आणि पिशवी बाहेर. आत काचेपलीकडे तो आणि इंटरकॉमवर बोलणं. वेळ थोडा असतो. त्या थोड्या वेळात आम्ही सुरुवातीला फक्त केस, केस आणि केस बोलायचो. "वकील काय म्हणाला, तारीख का पडली, तुझा भागीदार काय बोलला." बंधू एके दिवशी म्हणाले, "अरे, घरचं काहीतरी सांग ना." तेव्हापासून केसचं वकिलावर सोपवलं आणि मी त्यांना सोसायटीच्या गणपतीची वर्गणी, पुतणीचे मार्क, गाडीचा बिघडलेला क्लच असलं सगळं सांगायला लागलो. ते हसायचे. त्यांना हसताना पाहिलं की माझा पुढचा आठवडा बरा जायचा.

आणि पत्र लिहा. पत्रं तपासून देतात, त्यामुळे केसबद्दल एक अक्षर नको. पण मुलाखत संपते, पत्र पुन्हा पुन्हा वाचता येतं. आईंना लिहू द्या. त्यांच्या हाताला काम मिळेल.

पाषाणची_मुक्ता

+१ पत्रासाठी. माझी मावशी तिच्या मुलाला रेसिपी लिहून पाठवायची. आल्यावर करू म्हणून.

निवृत्त_शिपाई

मी कारागृह विभागातून निवृत्त आहे. कुठे होतो ते लिहीत नाही. ताईंच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यावंसं वाटलं.

आईंना सांगा, रात्री नऊला तो जेवून बराच वेळ झालेला असतो. आपल्याकडच्या कारागृहात संध्याकाळचं जेवण चार-पाचच्या सुमारास वाटतात. अंधार पडायच्या आत मोजणी होऊन बॅरेक बंद होते. सकाळी उजाडलं की उघडते, पुन्हा मोजणी, चहा, नाश्ता. दुपारचं जेवणही आपल्या घरच्यापेक्षा लवकर. डाळ, भाजी, भात, चपाती. घरच्या चवीचं नसतं, पण पोटाला मिळतं. मनीऑर्डर केलीत तर कँटीनमधून बिस्किटं, फरसाण, साबण, टूथपेस्ट घेता येते.

आता कडू बाजू. येरवड्यात गर्दी फार आहे. मंजूर क्षमतेच्या दुपटीपेक्षा जास्त माणसं असतात, झोपायला खेटून जागा मिळते, बॅरेकचा दिवा रात्रभर चालू असतो. गर्दी आहे म्हणून कुरबुरी होतात. काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. पण त्रास होत असेल तर सांगायला जागा आहेत. तुरुंगाधिकारी, अधीक्षक, आणि मुख्य म्हणजे न्यायाधीश. तारखेला समक्ष नेलं किंवा व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) उभं केलं तर तो स्वतः न्यायाधीशांना बोलू शकतो. त्याला हे ठाऊक आहे का, एवढं मुलाखतीत विचारा.

दम्याचं मात्र आजच करा. त्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी, कोणता पंप, किती वेळा, आधी कधी ॲडमिट झाला होता का, हे सगळं अर्जाला जोडून अधीक्षकांच्या नावे द्या आणि पोच घ्या. एक प्रत वकिलाला. आत दवाखाना आहे, डॉक्टर आहेत, जास्त झालं तर ससूनला नेतात. पण रात्री ड्यूटीवरच्या माणसाला हा कैदी दमेकरी आहे हे कागदावर माहीत असलं तर हालचाल लवकर होते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

धनकवडीची_ताई

शिपाईकाका, तुमचे आभार कसे मानू? पाच वाजताच जेवतो हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यालाही सांगण्यासारखं वाटलं नसेल. अर्ज उद्याच करते.

ॲड_शनिवारपेठ

ताई, तुम्ही वकिलीचं नको म्हणालात, तरी तीन गोष्टी लिहितो, कारण कायद्याच्या अंधारातूनच घरच्यांची बरीच काळजी येते.

तारीख कळण्यासाठी वकिलाच्या फोनची वाट पाहू नका. केसचा सोळा अंकी सीएनआर नंबर मागून घ्या, ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाका. पुढची तारीख आणि आज काय झालं ते बहुधा संध्याकाळपर्यंत दिसतं. "आज काय झालं असेल" ही दिवसभराची तगमग त्याने कमी होते.

दुसरं, कलमं नीट बघा. आरोपपत्र ठरलेल्या मुदतीत, म्हणजे गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. मात्र आरोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज करावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने (म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही) कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. जुन्या केसेसनाही ती लागू होते, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. पण फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असू शकणाऱ्या कलमाला ती लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त केसेस प्रलंबित असतील तरीही अडचण येते. गुंतवणुकीच्या केसमध्ये नुसत्या फसवणुकीचं कलम असेल तर कमाल सात वर्षं. जुन्या भादंविचं (भारतीय दंडविधानाचं) ४०९, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या पैशांच्या अपहाराचं कलम, लागलं असेल तर जन्मठेपेपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे ४७९ चा उपयोग नाही. व्हॉट्सॲपवर "तीन महिन्यांत सगळे सुटणार" असं काही आलं तर आपली कलमं बघितल्याशिवाय आशा धरू नका. आशा लावून मोडली की घर जास्त खचतं, हे मी शिवाजीनगरच्या कोर्टात रोज बघतो.

तिसरं, पैसे. कोठडीत असलेल्या कोणालाही मोफत वकील मिळू शकतो, उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२. तुमचे खाजगी वकील आहेत, चांगलंच आहे. पण हा धागा वाचणाऱ्या कोणाला फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तिथेच लोक अभिरक्षक कार्यालयाचीही (आरोपींना मोफत बचावाचा वकील देणाऱ्या) चौकशी करा. हेल्पलाइन १५१००. दागिने मोडण्याआधी एकदा तिथे जाऊन या, ही कळकळीची विनंती.

सिंहगड_रोड

वकीलसाहेबांना जोडून. फसवणुकीच्या फोनपासून सावध राहा. आमच्या शेजाऱ्यांना फोन आला होता, "तुमच्या मुलाला आत मारहाण चाललीय, आत्ता पैसे पाठवा, मी सोय करतो." घाबरून त्यांनी पाठवले. मुलाला कोणी हातसुद्धा लावला नव्हता. असा फोन आला तर काही न बोलता ठेवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. आतून फोन यायचा तर तो कारागृहाच्या अधिकृत सोयीतून, आधी नोंदवून घेतलेल्या घरच्या नंबरवरच येतो.

बोपोडीचा_पोरगा

हा धागा तीनदा उघडून बंद केला. लिहितोच आता.

तुमच्या पुतण्याच्या जागी मी होतो. वय तेवढंच. मला सांगितलं होतं, पप्पा गुजरातला कंपनीत आहेत. वर्गातल्या एका मुलाने डबा खाताना सगळ्यांसमोर सांगितलं, तुझा बाप जेलात आहे. मी त्याला मारलं. शाळेने आईला बोलावलं. घरी येताना मी विचारलं, आई रडली, आणि मला कळलं की खरं आहे.

मला पप्पांचा राग आला नाही. आईचा आला. सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि मला एकट्यालाच नव्हतं, असं वाटलं. पुढे कितीतरी वर्षं आई काही म्हणाली की मी मनात म्हणायचो, हे तरी खरं असेल का. आता आमचं छान आहे, पण ती वर्षं फुकट गेली.

त्याला सांगा. लवकर सांगा. वहिनींनी सांगावं, तुम्ही शेजारी बसा.

औंधकर_बाबा

असहमत. सात वर्षांच्या लेकराला तुरुंग काय कळणार? ते शाळेत जाऊन बोलेल, मग मुलं चिडवतील. दहा-बारा वर्षांचा होऊ द्या. तोवर भाऊ कदाचित सुटूनही येईल.

मनमोकळी

मी समुपदेशक आहे, कोथरूडला काम करते. औंधकर बाबांची भीती खरी आहे, मुलं चिडवतात. पण मूल मोठ्यांच्या चेहऱ्यावरून ओळखतं की काहीतरी लपवलं जातंय, आणि मग ते स्वतःच कारण शोधतं. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला वाटत होतं की तिने हट्टाने सायकल मागितली म्हणून बाबा निघून गेले.

सांगायचं ते थोडक्यात. "बाबा दुबईला नाहीये. पैशांच्या व्यवहारात त्याने नियम मोडले का, हे न्यायाधीश तपासतायत. तोपर्यंत त्याला एका ठिकाणी राहावं लागतंय, घरी येता येत नाही. त्याचं तुझ्यावर खूप प्रेम आहे. हे तुझ्यामुळे झालेलं नाही." एवढंच. मग तो जे विचारेल त्याचं उत्तर. विचारलं नाही तर थांबा, दोन दिवसांनी अंघोळ घालताना अचानक विचारेल. वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या, म्हणजे चिडवाचिडवी झाली तर शाळेत एक मोठं माणूस त्याच्या बाजूने असेल.

आता ताई, तुमच्याबद्दल. अडीचला जाग येते तेव्हा अंथरुणात पडून विचारांशी भांडू नका. उठून बसा, दिवा मंद ठेवा, फोन हातात घेऊ नका. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, असं काही मिनिटं. उशाशी वही ठेवा आणि जी काळजी आली ती एका ओळीत लिहा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरावीक वेळी वही उघडा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा, यात मला काही करता येतं का. "दमा" पुढे लिहाल, अर्ज. "पांघरूण" पुढे लिहाल, मुलाखतीत विचारायचं. "त्याला एकटं वाटत असेल" पुढे कदाचित काहीच लिहिता येणार नाही. ती ओळ तशीच राहू द्या. ते दुःख आहे, आणि त्याला दुःखाचीच वागणूक द्यायची. त्यासाठी रडू आलं तर रडायचं.

झोपेच्या गोळ्या ओळखीच्यांकडून घेऊ नका. पंधरवड्यात फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा, ससूनमध्ये मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. घरात कोणाच्याही बोलण्यात "आता जगून काय करू" असं आलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, लगेच फोन करा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. गप्प असलेल्या वहिनींकडे माझं जास्त लक्ष लागलंय. त्यांना कोण विचारतंय?

तटस्थ_वाचक

कोणाला दुखवायचं नाही, पण मनात आहे ते लिहितो. माझ्या मामांचे निवृत्तीचे पैसे अशाच एका योजनेत अडकले. मामींचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. धाग्यावर सगळे आरोपीच्या घरच्यांना धीर देतायत. ज्यांचे पैसे गेले त्यांच्या घरातही कोणीतरी अडीचला जागं होत असतं.

धनकवडीची_ताई

तुम्ही लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. तुमचं बरोबर आहे. ज्यांचे पैसे अडकलेत त्यांच्या यादीतली काही माणसं आमच्या ओळखीची आहेत. त्यातल्या एक काकू मला भाजीच्या गाड्यावर दिसतात आणि आम्ही दोघी मान खाली घालतो. भावाने काय केलं हे मला पूर्ण माहीत नाही, आणि त्याने ते केलं असेल तर त्या काकूंचा पैसा परत मिळायलाच हवा, असं मी त्याच्या वकिलांनाही सांगितलंय. तुमच्या मामींचं ऑपरेशन झालं का?

तटस्थ_वाचक

झालं. आता बऱ्या आहेत. विचारलंत, बरं वाटलं.

हडपसरची_आजी

नातू टायपून देतोय, मी सांगतेय.

माझा लेक शिक्षा भोगतोय. आधी येरवड्याला आत होता, आता खुल्या जेलात शेतीवर काम करतो. पहिल्या वर्षी मी पण अशीच. ताटावरून उठायची. मग लेकच मुलाखतीला म्हणाला, "आई, तू वाळलीस की माझी झोप जाती." त्या दिवसापासून मी ताट रिकामं करते. मन लागो न लागो.

लोक बोलतात. बोलू देत. मी भजनाला जायचं बंद केलं होतं, ते परत चालू केलं. पहिल्या दिवशी दोघी सरकून बसल्या. तिसरी जवळ येऊन बसली, तिचा भाऊ नाशिकच्या जेलात आहे म्हणाली, कधी कोणाला बोलली नव्हती. बाई, आपल्यासारखी किती घरं आहेत ते कोणी बोलल्याशिवाय कळत नाही.

संचित रजेवर, म्हणजे शिक्षेत मधूनच मिळणाऱ्या सुट्टीवर, लेक घरी येतो, तेव्हा मी त्याला काही विचारत नाही. खायला घालते. परत जायच्या दिवशी वेळेत पाठवते. उशीर झाला तर पुढच्या रजेला त्रास होतो. कोणाचं माणूस रजेवर आलं तर ही तारीख पाळा.

निवृत्त_शिपाई

आजी, दंडवत. तुमचं रजेबद्दलचं बोलणं सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

ताई, आणखी एक. भावाला विचारा, दिवसभर करतो काय. नुसतं बसून राहणारा माणूस लवकर खचतो. येरवड्यात वाचनालय आहे, शिक्षण चालतं, खेळ चालतात. बुद्धिबळात तर तिथल्या बंद्यांच्या संघाने २०२३ मध्ये कैद्यांच्या आंतरराष्ट्रीय ऑनलाइन स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. पक्क्या कैद्यांना कामाची मजुरी मिळते. कच्च्यांना काम सक्तीचं नसतं, म्हणून त्यांचा दिवस जास्त लांबतो. त्याला काहीतरी धरायला सांगा. पुढच्या मुलाखतीला काय वाचलंस असं विचारलंत की तो वाचेल.

धनकवडीची_ताई

सगळ्यांना कळवते. दम्याचा अर्ज दिला, पोच मिळाली. मुलाखतीत भावाने सांगितलं की डॉक्टरांनी बोलावून तपासलं आणि पंप चालू आहे. पांघरूण आहे. शेजारी झोपणारे काका त्याला ज्ञानेश्वरी वाचून दाखवतात म्हणे. हा मुलगा घरी आरतीला सुद्धा उभा राहायचा नाही.

आईला पाच वाजताच्या जेवणाचं सांगितलं. तिने आधी मला दोनदा विचारून खात्री केली. आता नऊला जेवते, पण नवीन प्रश्न काढलाय, पाचला जेवल्यावर रात्री भूक लागत असेल. मनीऑर्डर केलीय, बिस्किटं घेईल असं सांगितलं. पत्र मात्र लिहिते आहे, रोज थोडं थोडं. अक्षर थरथरतं म्हणून लाजते.

पुतण्याला वहिनीने सांगितलं. मी शेजारी होते. तो म्हणाला, "तिथे बाबाला क्रिकेट दिसतं का?" मग खेळायला गेला. रात्री वहिनीच्या कुशीत बराच वेळ रडला, आणि त्याच्याबरोबर वहिनीपण रडली. मनमोकळी, तुम्ही म्हणालात म्हणून मी तिला विचारलं. ती पगार पुरत नाही या काळजीत होती आणि आमच्यावर भार नको म्हणून बोलत नव्हती.

मी अजून अडीचला उठते. वही चालू आहे.

मनमोकळी

वहिनींसाठी : पालक तुरुंगात असलेल्या मुलांनाही बालसंगोपन योजनेचा लाभ मिळू शकतो. २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये आहेत. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात चौकशी करा. मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि वडील कारागृहात असल्याचा कागद तयार ठेवा. मुलाला वडिलांना जवळ घेऊन भेटू देणारा गळाभेट नावाचा उपक्रमही कारागृहात होतो. कोणाला आणि कधी, ते मुलाखतीच्या खिडकीवर विचारा.

कोल्हापूरची_सून

धागा वाचून धीर आला. माझे यजमान येरवड्यातून कळंब्याला हलवले गेले. मी पुण्यात एकटी, नोकरी आणि दोन मुली. दर वेळी रजा काढून कोल्हापूर गाठणं जमत नाही. भेट तुटली तर ते मनाने तुटतील अशी भीती वाटते.

खडकीकर

वहिनी, ई-मुलाकातवर व्हिडिओ भेटीचाही पर्याय असतो. राज्य आणि कारागृह निवडताना कळंबा घ्या, तुमचा ओळखपत्र क्रमांक आणि त्यांचं नाव अचूक भरा, मंजुरी आली की दिलेल्या वेळेला घरूनच जोडता येतं. मुलींना शेजारी बसवा. नोंदणीत अडलं तर मला व्यक्तिगत निरोप करा, मी रविवारी मोकळा असतो, फोनवर एकेक पायरी सांगतो.